गोदो कोण हा प्रश्न जरा बाजूला ठेवा: ॲब्सर्ड नाटक पाहायचं आणि वाचायचं कसं

ॲब्सर्ड, म्हणजे वरवर विसंगत आणि निरर्थक वाटणाऱ्या, नाटकाच्या प्रयोगातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचे साधारण दोन गट पडतात. एक म्हणतो, सगळं डोक्यावरून गेलं. दुसरा गंभीर चेहऱ्यानं मान डोलावतो आणि म्हणतो, फारच गहन आहे बुवा. अडचण दोघांची एकच असते. सबंध प्रयोगभर दोघं 'याचा अर्थ काय' या एकाच प्रश्नाची उत्तरपत्रिका घेऊन बसलेले असतात. एकानं ती कोरी दिलेली असते, दुसऱ्यानं शेजाऱ्याची उतरवलेली असते.

इथं सांगितलेली रीत याच्या उलट आहे. अर्थ शेवटी. आधी रंगमंचावरची माणसं काय करताहेत, किती वेळा करताहेत आणि करता करता काय बिघडत चाललंय, एवढंच पाहायचं. ही नाटकं ऐकीव माहितीवरून वाटतात त्यापेक्षा कितीतरी ठोस असतात. सॅम्युअल बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'त दोन माणसं कधीच न येणाऱ्या गोदोची वाट पाहतात आणि त्यातल्या एकाचा बूट निघत नाही. बूट निघत नाही म्हणजे बूट निघत नाही. त्या बुटाला पहिल्या मिनिटातच 'मानवी अस्तित्वाचं ओझं' करून टाकलं की बूट दिसेनासा होतो, आणि त्याच्या मागोमाग नाटकही.

आधी ओळख, पण जेवढ्यास तेवढी

'थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' हे नाव कुणा नाटककारानं घेतलेलं नाही. मार्टिन एस्लिन या समीक्षकानं १९६१ मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून ते चिकटलं. सॅम्युअल बेकेट, युजीन आयोनेस्को, आर्थर आदामोव्ह, जाँ जने ही मंडळी कधी एकत्र बसून जाहीरनामा काढणारी नव्हती. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, वाट वेगळी. त्यामुळं 'ॲब्सर्ड नाटकाचे सात नियम' असं काही कुणी सांगू लागलं तर खुशाल दुर्लक्ष करा.

पार्श्वभूमी मात्र सामायिक आहे. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, पॅरिस शहर, आणि यातले बरेचसे जण बाहेरून आलेले. बेकेट आयरिश, आयोनेस्को रुमानियात जन्मलेला. मातृभाषा इंग्रजी असूनही बेकेट हट्टानं फ्रेंचमध्ये लिहू लागला. युद्धकाळात तो जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होता. १९४२ मध्ये त्याच्या गटाचा सुगावा लागला आणि उरलेली वर्षं त्यानं दक्षिण फ्रान्समधल्या रूसिय्यों नावाच्या खेड्यात लपून काढली. 'वेटिंग फॉर गोदो' लिहून झालं जानेवारी १९४९ मध्ये. या चरित्रावरून नाटकाचा खुलासा करायला जाऊ नका. पण ही नाटकं म्हणजे रिकामटेकड्यांचा शब्दखेळ, हा समज एवढ्यानं तरी सुटायला हरकत नाही.

एस्लिननं केलेला एक भेद खरोखर उपयोगी आहे. जग निरर्थक आहे हे काम्यू आणि सार्त्र या फ्रेंच लेखक-विचारवंतांनीही म्हटलं होतं. शिळा पुन्हा पुन्हा डोंगरावर चढवत राहणाऱ्या पुराणकथेतल्या सिसिफसवरचा काम्यूचा निबंध तर १९४२ चा. पण ते दोघं हे तर्कशुद्ध, नीटस भाषेत मांडत होते. त्यांच्या नाटकातली पात्रं व्यवस्थित युक्तिवाद करतात. ॲब्सर्ड नाटक युक्तिवाद करत नाही. तिथं संवादच मोडका, कथानकच गोल फिरणारं, घड्याळच चुकीचं. जे सांगायचं ते नाटकाच्या घडणीतच उतरलेलं असतं. म्हणून या नाटकांत 'लेखक काय म्हणतो' हे विचारण्याआधी 'नाटक कसं चालतं' हे विचारायचं.

सुरुवात कुठून करायची

बहुतेक जण थेट गोदोवर उडी घेतात आणि पहिल्या अर्ध्या तासात दम सोडतात. त्यापेक्षा छोट्या नाटकांपासून सुरू करा.

माझ्या मते सगळ्यांत सोपं दार इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटरच्या 'द डम वेटर'चं आहे. तळघरातली खोली, बेन आणि गस नावाचे दोन भाडोत्री मारेकरी, कुणाला मारायचं याच्या हुकमाची वाट पाहत बसलेले. भिंतीत एक छोटी मालवाहू लिफ्ट आहे, वरच्या स्वयंपाकघरातून खाली ये-जा करणारी. ती अचानक खडखडत खाली येते आणि तिच्यात जेवणाच्या ऑर्डरची चिठ्ठी असते. मग दुसरी, मग तिसरी. पदार्थ चढत्या क्रमानं अवघड. हे दोघं मारेकरी काय करतात? जवळची बिस्किटं, चहाची पुडी, जे असेल ते लिफ्टमध्ये घालून वर पाठवायला लागतात! वर कोण आहे हे विचारण्याची हिंमत होत नाही, हुकूम पाळण्याची सवय मात्र सुटत नाही. इथं काहीच 'अवघड' नाही. रहस्यकथेसारखं वाचता येतं, आणि तरी वाचून झाल्यावर काहीतरी खुपत राहतं.

त्यानंतर आयोनेस्कोचं 'द लेसन' (१९५१) घ्या. शिकवणी घेणारा भिडस्त प्राध्यापक आणि उत्साही विद्यार्थिनी. नाटक पुढं सरकतं तसा प्राध्यापक चढत जातो, मुलगी मिटत जाते, तिचा दात दुखू लागतो आणि शेवट खुनात होतो. वाचताना एकच गोष्ट पाहा, ताबा कोणत्या वाक्याला एकाकडून दुसऱ्याकडं गेला. पेन्सिलीनं खूण करा. तुमची खूण आणि मित्राची खूण वेगवेगळ्या ठिकाणी पडली तर तिथंच चर्चा सुरू होते.

मग आयोनेस्कोचंच 'द बाल्ड सोप्रानो', त्यानंतर बेकेटचं 'क्रॅप्स लास्ट टेप' (१९५८), आणि मग गोदो. 'हॅपी डेज' आणि 'एंडगेम' त्याच्याही पुढं. बेकेटची अगदी शेवटची, मिनिटांत संपणारी नाटकं आधी वाचू नका. 'नॉट आय'मध्ये अंधारात फक्त एक तोंड दिसतं आणि ते सुसाट बोलत सुटतं. ते कागदावर जवळजवळ वाचवत नाही, पाहावंच लागतं.

जवळपास प्रयोग होत नसेल तर चित्रीकरणं आहेत. 'बेकेट ऑन फिल्म' या प्रकल्पात बेकेटची १९ नाटकं वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी चित्रित केली आणि ती २००१ मध्ये पूर्ण झाली. त्यातला नट जॉन हर्टनं केलेला क्रॅप चुकवू नका. पिंटरच्या 'द बर्थडे पार्टी'वर १९६८ चा चित्रपट आहे. फक्त एक लक्षात असू द्या, कॅमेरा तुमच्या वतीनं ठरवतो की कुठं पाहायचं. रंगमंचावर जो बोलत नाही त्याच्याकडंही पाहता येतं, आणि या नाटकांत न बोलणाऱ्याकडं पाहणं फार महत्त्वाचं असतं. म्हणून शक्य असेल तिथं साधा, हौशी का होईना, जिवंत प्रयोग आधी पाहा.

प्रयोगाला जाण्यापूर्वी संहिता वाचावी का? विनोदी संवादांची मजा जाते म्हणून काही जण नको म्हणतात. मला वाटतं, पहिल्यांदा न वाचता जावं आणि दुसऱ्यांदा वाचून. परीक्षणं मात्र दोन्ही वेळेला नंतरच.

कृतींची नोंद

एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. पात्र काय करतं, तेच पुन्हा कधी करतं, आणि पुन्हा करताना काय बदललेलं असतं. 'का' हा रकाना आखायचा नाही.

गोदोवर हे करून पाहू. पडदा उघडतो तेव्हा वाट पाहणाऱ्या दोघांपैकी एक, एस्ट्रागॉन, बूट काढायचा प्रयत्न करतो आहे. निघत नाही. तो थांबतो, दम खातो, पुन्हा ओढतो. पहिलंच वाक्य, काही करण्यासारखं नाही. ते तो बुटाबद्दल बोलतो. दुसरा, व्लादिमीर, तेच वाक्य उचलतो, पण त्याला वाटतं बोलणं आयुष्याबद्दल चाललं आहे. एवढ्यावरून नाटकाचा निम्मा विनोद आणि निम्मा गंभीरपणा हाती लागतो, एकाचा बूट आणि दुसऱ्याचं तत्त्वज्ञान एकाच वाक्यात बसतात. पुढं व्लादिमीर टोपी काढतो, आत डोकावतो, झटकतो, पुन्हा घालतो. एस्ट्रागॉन बुटात डोकावतो, झटकतो. दोघांनाही आत काही सापडत नाही.

नोंदवहीत एवढंच लिहा, बूट, टोपी, आत काही नाही. संध्याकाळी पान वाचाल तेव्हा एक शरीराच्या व्याधीशी झगडणारा आणि एक डोक्यातल्या व्याधीशी झगडणारा, अशी ही जोडी आपोआप उभी राहते. हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

दोन अंक शेजारी शेजारी

गोदोबद्दल व्हिव्हियन मर्सिए या समीक्षकाचा शेरा प्रसिद्ध आहे: या नाटकात काहीच घडत नाही, आणि तेही दोनदा. शेरा चटकदार आहे, पण तो प्रमाण मानून चालाल तर नाटकातली सगळ्यांत देखणी गोष्ट हुकेल. दुसरा अंक पहिल्याची नक्कल नाही. तो पहिल्या अंकाची झीज आहे.

कागद उभा दुमडा आणि दोन्ही अंकांतल्या वस्तू समोरासमोर लिहा. पहिल्या अंकात झाड बोडकं. दुसऱ्यात त्याला चार-पाच पानं फुटलेली. काळ मात्र रंगसूचनेनुसार 'दुसरा दिवस' एवढाच. पहिल्या अंकात खिसे चाचपता चाचपता एक शेवटचं गाजर मिळतं; दुसऱ्यात गाजर नाही, मुळा आहे आणि तोही काळा. पहिल्या अंकाच्या शेवटी ठेवलेले बूट दुसऱ्यात तिथंच आहेत, पण एस्ट्रागॉन म्हणतो हे माझे नाहीतच, रंग वेगळा आहे. पहिल्या अंकात पोझो चाबूक फिरवत येतो, त्याचा नोकर लकी लांब दोरीला बांधलेला. दुसऱ्या अंकात पोझो आंधळा झालेला आहे आणि दोरी आखूड. का आखूड? आंधळ्याला नोकराच्या मागोमाग चालता यावं म्हणून. मालक कोण आणि बांधलेलं कोण, हा प्रश्न बेकेटनं एका शब्दानंही विचारलेला नाही. दोरीची लांबी बदलली आणि काम झालं. पहिल्या अंकात हुकूम होताच विरामचिन्हांशिवायचं पल्लेदार भाषण ठोकणारा लकी दुसऱ्या अंकात मुका आहे.

आणि दोन्ही अंकांचे शेवट. पहिल्या अंकात एस्ट्रागॉन विचारतो, निघायचं? व्लादिमीर म्हणतो, चल निघू. रंगसूचना सांगते की ते हलत नाहीत. दुसऱ्या अंकात शब्द जवळपास तेच आणि रंगसूचना तीच, फक्त आता विचारणारा व्लादिमीर आणि उत्तर देणारा एस्ट्रागॉन. वाचताना ही अदलाबदल सहज निसटते. प्रयोगात दिग्दर्शक चांगला असेल तर ती कानावर आदळते. पहिल्या अंकात धीर देणारा व्लादिमीर होता. शेवटी विचारायची पाळी त्याच्यावर आली आहे.

हीच पद्धत इतरत्र लावून पाहा. 'हॅपी डेज'मध्ये विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीत गाडलेली आहे, दुसऱ्यात गळ्यापर्यंत. पहिल्या अंकात तिला पिशवीतून दात घासायचा ब्रश काढता येतो, आरशात पाहता येतं. दुसऱ्यात फक्त डोळे फिरवता येतात. तिच्या बडबडीत काय उरलं आणि काय गळालं, याची यादी करा. बेकेटच्या 'प्ले'मध्ये तर संपूर्ण नाटक संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून होतं, अशी सूचनाच आहे.

भाषेला कान लावा

आयोनेस्कोकडं नोंदवही वेगळी लागते. तिथं वस्तूंपेक्षा वाक्यं मोडतात.

इंग्रजी शिकण्यासाठी त्यानं एक स्वयंशिक्षक घेतला होता. त्यातली पात्रं एकमेकांना आठवड्याला सात दिवस असतात, वर छत आणि खाली जमीन असते, अशी माहिती मोठ्या आनंदानं देत होती. त्यातून 'द बाल्ड सोप्रानो' जन्मलं. पहिला प्रयोग मे १९५० मध्ये पॅरिसला झाला. नावातली टक्कल पडलेली गायिका नाटकात कुठंच नाही. तालमीत एका नटाची जीभ घसरली आणि ते शब्द बाहेर पडले, आयोनेस्कोनं तेच शीर्षक करून टाकलं. १९५७ पासून पॅरिसच्या उशेत या छोट्याशा नाट्यगृहात 'द लेसन'च्या जोडीनं याचे प्रयोग वर्षानुवर्षं होत आले आहेत.

नाटक सुरू होतं तेव्हा घड्याळ १७ टोले देतं. मिसेस स्मिथ म्हणते, अरे, नऊ वाजले. या दोन ओळींपाशी थांबा. घड्याळ चुकलं आहे की बाई? नाटक उत्तर देत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे मिस्टर स्मिथला प्रश्नच पडत नाही. तो वर्तमानपत्र वाचत जीभ टाळ्याला लावून टकटक करतो. आपल्याला जी विसंगती वाटते ती त्या खोलीत शिष्टाचार म्हणून खपते. पुढचं सगळं नाटक याच नियमानं चालतं.

मग मार्टिन दांपत्याचा प्रवेश. दोघं अनोळखी माणसांसारखे समोरासमोर बसतात. आपण कुठंतरी भेटलोय का? दोघंही मँचेस्टरचे. दोघंही एकाच गाडीनं, एकाच डब्यातून आलेले. काय योगायोग! एकाच रस्त्यावर, एकाच घरात राहणारे. एकाच पलंगावर झोपणारे. दोघांनाही ॲलिस नावाची दोन वर्षांची मुलगी, एक डोळा पांढरा, एक लाल. म्हणजे आपण नवरा-बायको! पुरावे जमवून, अनुमानं काढून त्यांनी हा निष्कर्ष गाठलेला आहे. लगेच मोलकरीण प्रेक्षकांना सांगते की छे, याच्या मुलीचा उजवा डोळा पांढरा आहे आणि हिच्या मुलीचा डावा, तेव्हा सगळा पुरावा फोल.

हा प्रवेश वाचताना एक प्रयोग करा. प्रत्येक वाक्य सुटं काढून पाहा. व्याकरण बिनचूक, तर्क बिनचूक, सभ्यता बिनचूक. वेडेपणा एकाही वाक्यात नाही, तो वाक्यांच्या मधे आहे. शेवटी शेवटी मात्र वाक्यंही फुटतात, म्हणी उलट्यापालट्या होतात, नुसती अक्षरं एकमेकांच्या अंगावर फेकली जातात, दिवे जातात. दिवे परत येतात तेव्हा स्मिथांच्या जागी मार्टिन बसलेले असतात आणि पहिलेच संवाद पुन्हा सुरू होतात. माणसं बदलली, काहीच अडलं नाही.

मोठ्यानं वाचन आणि विरामांचा हिशेब

संहिता मनातल्या मनात वाचली तर ही नाटकं निम्मीच कळतात. पिंटर तर मुळीच कळत नाही. तो तीन टिंबं, विराम आणि शांतता या तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहितो. टिंबं म्हणजे पात्र क्षणभर अडखळलं. विराम म्हणजे ते बोलत नाही पण आत काहीतरी चाललंय, बहुधा डावपेच. शांतता म्हणजे डाव मोडला; नंतर बोलेल तेव्हा ते वेगळ्याच ठिकाणाहून बोलेल.

'द बर्थडे पार्टी'ची सुरुवात घ्या. मेग नवऱ्याला कॉर्नफ्लेक्स देते आणि चांगले आहेत ना म्हणून विचारते. तो हो म्हणतो. ती म्हणते, मला वाटलंच होतं. दोघांनी मिळून हे वाचा. पहिल्यांदा विराम गाळून, भराभर. दुसऱ्यांदा प्रत्येक विरामाला मनात चारपर्यंत मोजून. पहिल्या वाचनात हे साठीतल्या जोडप्याचं नेहमीचं, थोडं हास्यास्पद बोलणं वाटतं. दुसऱ्यात मेगचा प्रत्येक प्रश्न 'अजून आहेस ना तिथं?' असा ऐकू येऊ लागतो. शब्द तेच आहेत.

या नाटकाचा १९५८ मधला लंडनचा पहिला मुक्काम आठ प्रयोगांत आटोपला. समीक्षकांनी झोडपलं, हॅरॉल्ड हॉब्सनचं भलं परीक्षण छापून आलं तोवर नाटक उतरलेलं होतं. तेव्हा पहिल्या भेटीत तुम्हाला काही लागलं नाही तर फार मनावर घेऊ नका.

हसू येतंय? हसा

१९५६ च्या जानेवारीत अमेरिकेत मायामीला गोदोचा प्रयोग झाला तेव्हा जाहिरातीत त्याला दोन खंडांना हसवणारं नाटक म्हटलं होतं. सुट्टीवर आलेले, हलक्याफुलक्या करमणुकीच्या अपेक्षेनं बसलेले बरेचसे प्रेक्षक मध्यंतरातच उठून गेले. पुढच्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९५७ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यसंस्थेनं हेच नाटक सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १४०० कैद्यांसमोर केलं. नाटक निवडण्याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं, त्यात स्त्री पात्र नाही. दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाऊनं सुरुवातीला कैद्यांना सांगितलं की जॅझ ऐकावं तसं हे ऐका, ज्याला जे सापडेल ते घ्या. कैदी जागचे हलले नाहीत. गोदो कोण यावरून नंतर त्यांच्यात मतं पडली. एकाला तो समाज वाटला, एकाला बाहेरचं जग.

या दोन प्रयोगांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण शिकलेले विरुद्ध न शिकलेले असा निष्कर्ष काढतात. मला फरक अपेक्षेत दिसतो. मायामीत अपेक्षा ठरवून दिली होती, तुरुंगात ती ब्लाऊनं मोकळी करून दिली.

हसण्याचा मुद्दा मात्र जाहिरातवाल्यांनी अगदीच चूक मांडला नव्हता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी गळफासाला दोरी हवी म्हणून एस्ट्रागॉन विजारीची दोरी सोडतो आणि विजार घोट्यापर्यंत घसरते. १९५३ च्या पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगांत नट लाजून ती अर्ध्यावरच धरून ठेवत होता. बेकेटला हे कळल्यावर त्यानं दिग्दर्शक रॉजे ब्लँला पत्र लिहिलं की विजार पूर्ण खाली पडलीच पाहिजे. मरणाच्या गोष्टी चालल्या असताना विदूषकाची फजिती पुरती व्हायला हवी, यात त्याला तडजोड नको होती. तेव्हा प्रेक्षागृहात शेजारचा गंभीर बसला आहे म्हणून हसू दाबू नका.

आता अर्थाकडं

नोंदी झाल्या, दोनदा पाहून झालं, मोठ्यानं वाचून झालं, की अर्थ लावायला हरकत नाही. फक्त लावलेला अर्थ तपासा. सोपी चाचणी अशी, हा अर्थ नाटकाचा किती भाग उजळतो आणि किती भाग अंधारात ठेवतो?

'गोदो म्हणजे ईश्वर' घ्या. आधार आहेत. निरोप घेऊन येणारा मुलगा सांगतो की गोदोला पांढरी दाढी आहे, तो शेळ्या राखणाऱ्याला मारत नाही आणि मेंढ्या राखणाऱ्या भावाला मारतो. बायबलचे पडसाद उघड आहेत. पण दोन्ही अंकांतला मोठा भाग व्यापणाऱ्या पोझो आणि लकीबद्दल हे समीकरण काय सांगतं? फारसं काही नाही. गाजर-मुळ्याबद्दल? काहीच नाही. म्हणजे अर्थ खोटा नाही, तोकडा आहे. अमेरिकन दिग्दर्शक ॲलन श्नायडरनं बेकेटला गोदो कोण हे विचारलं तेव्हा उत्तर आलं की मला माहीत असतं तर नाटकातच सांगितलं असतं. याला टोलवाटोलवी समजू नका. नाटक वाट पाहण्यावर आहे, येणाऱ्यावर नाही. तो कोण हे कळलं असतं तर वाट पाहण्याची जात बदलली असती.

आयोनेस्कोचं 'ऱ्हायनोसरस' (१९५९) याला थोडा अपवाद. गावातली माणसं एकेक करून गेंडे होतात, शेवटी बेरांजे एकटा उरतो. तीसच्या दशकात रुमानियात ओळखीपाळखीची माणसं फॅसिस्ट होत गेलेली आयोनेस्कोनं पाहिली होती आणि रोख उघड आहे. तरीही 'फॅसिझमवरचं नाटक' म्हणून मिटवून टाकू नका. प्रत्येक जण गेंडा होण्याआधी काय कारण देतो ते टिपा. काळाबरोबर चाललं पाहिजे, हे त्यातलं एक. कारणं सगळी सभ्य आहेत, आणि नाटकाची दहशत त्या कारणांत आहे, शिंगांत नाही.

भारतीय नाटककारांपैकी बादल सरकारांचं 'एवम् इंद्रजित' आणि सतीश आळेकरांची 'महानिर्वाण' (१९७४) व 'बेगम बर्वे' (१९७९) ही याच चाचणीनं वाचून पाहा. 'महानिर्वाण'मधला मेलेला माणूस आपल्याच अंत्यविधीबद्दल हट्ट धरतो आणि तेही कीर्तनाच्या ढंगात. त्याला बेकेटची मराठी आवृत्ती म्हणणं हा आळस आहे. हसू कुठून येतं, रूप कुठून येतं, हे पाहिलं तर कुळी वेगळी दिसेल.

भोंदू ॲब्सर्ड ओळखण्याबद्दल

हे सांगायलाच हवं, कारण एकांकिकांच्या जगात याचं पीक भरपूर. दोन माणसं, काळा पडदा, मधेच किंकाळी, मधेच खुर्ची उलटी, कुणी काही विचारलं की 'ॲब्सर्ड आहे' हे उत्तर. अस्सल नाटकाला स्वतःचे नियम असतात आणि ते बहुधा फार कडक असतात. 'प्ले'मध्ये प्रकाशझोत ज्याच्यावर पडेल तोच बोलतो, झोत गेला की वाक्य अर्धवट तुटतं. 'हॅपी डेज'मध्ये घंटा वाजली की विनीला जागं व्हावंच लागतं. 'डम वेटर'मध्ये चिठ्ठी आली की काहीतरी वर गेलंच पाहिजे. नियम कळला की तो मोडण्याची धास्ती वाटू लागते आणि त्यातून नाट्य तयार होतं. जिथं केव्हाही काहीही होऊ शकतं तिथं कशाचंच काही वाटत नाही. पंधरा मिनिटांनंतरही तुम्हाला एकही नियम सापडला नसेल, तर दोष बहुधा तुमचा नाही.

स्वतः करून पाहायचं असेल तर

यापेक्षा चांगला अभ्यास नाही. प्रयोगच करायला हवा असं नाही, चारचौघांत वाचन पुरे. गोदोमधला, पोझो-लकी पहिल्यांदा निघून गेल्यानंतरचा छोटा तुकडा घ्या. एक म्हणतो, तेवढाच वेळ गेला. दुसरा म्हणतो, तो तसाही गेलाच असता. पहिला म्हणतो, हो, पण इतका भरभर नाही. हा तुकडा आधी दुःखी आवाजात वाचा, मग दोन विदूषकांसारखा, मग काहीही न भरता, नुसता सरळ. बहुतेक वेळा तिसरं वाचन सगळ्यांत जास्त लागतं आणि नटमंडळींना तेच सगळ्यांत जड जातं.

रंगसूचना गाळू नका. बेकेटच्या रंगसूचना संवादांइतक्याच नाटकाचा भाग आहेत आणि त्याबाबतीत तो कमालीचा आग्रही होता. १९८४ मध्ये अमेरिकेत 'एंडगेम' भुयारी रेल्वेच्या पडक्या स्थानकात घडतं असं दाखवलं गेलं तेव्हा त्यानं जाहीर हरकत घेतली आणि ती कार्यक्रमपत्रिकेत छापावी लागली. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये गोदो स्त्रियांनी केलं म्हणून त्याच्या बाजूनं खटला भरला गेला. तो निकाल त्याच्याविरुद्ध गेला. बेकेटचं निधन १९८९ चं, त्यामुळं त्याचं लेखन अजून बऱ्याच देशांत स्वामित्वहक्काखाली आहे. घरगुती वाचनाला कुणी अडवणार नाही, पण जाहीर प्रयोग लावायचा असेल तर तालमी सुरू करण्याआधी हक्कधारकांची लेखी परवानगी मागा, आणि अर्जात पात्रयोजना व नेपथ्यातले बदल आधीच स्पष्ट लिहा.